राज्य करायचं तर घर सोडा

निवडणूक जवळ आली की हा प्रश्न येतोच. लग्नाच्या पंगतीत येतो, सोसायटीच्या मीटिंगनंतर चहा पिताना येतो, एकदा तर मी आ वासून खुर्चीत पडलेला असताना दातांच्या डॉक्टरांनी विचारला. "सर, तुम्ही राज्यशास्त्र शिकवायचात ना? मग सांगा, राज्य शिकलेल्यांच्याच हातात हवं, अडाण्यांना मताचा हक्क देणंच चूक, असं तो प्लेटो तेव्हाच सांगून गेलाय की नाही?" विचारणारे बहुतेकदा स्वतः चांगले शिकलेले असतात. उत्तर त्यांच्याजवळ तयार असतं, माझ्याकडून फक्त सही-शिक्का हवा असतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, शिक्का अर्धाच उमटेल.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनं 'रिपब्लिक' या संवादरूपी पुस्तकात आपल्या गुरूच्या, सॉक्रेटिसच्या, तोंडी तसं घातलं आहे खरं. तत्त्वज्ञ राजे होत नाहीत किंवा राजे मनापासून तत्त्वज्ञानाकडे वळत नाहीत, तोवर नगरांच्या (तिथे नगर म्हणजेच राज्य) मागची पीडा संपायची नाही. जहाजाचा दृष्टांतही तिथलाच. जहाजाचा मालक धिप्पाड, पण कानानं कमी, डोळ्यांनी अधू आणि जहाज हाकण्यातलं त्याला फारसं कळत नाही. खलाशी सुकाणूसाठी एकमेकांच्या उरावर बसलेले. ज्याला तारे, वारे, ऋतू कळतात त्या एकट्याला सगळे 'आभाळाकडे बघत बसणारा बडबड्या' म्हणून हिणवतात. मालक म्हणजे अथेन्सची जनता. इथवर तुमची बाजू भक्कम आहे.

पण शिकलेले लोक सत्तेवर आले की काय होतं, हे प्लेटोनं घरातच पाहिलं होतं. इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाविरुद्धचं लांबलेलं युद्ध हरलं. जिंकलेल्यांच्या पाठबळावर लोकशाही मोडली गेली आणि कारभार तीस जणांकडे गेला. त्यांचा म्होरक्या क्रिटियस हा प्लेटोच्या आईचा चुलतभाऊ, म्हणजे नात्यानं मामाच. कविता-नाटकं लिहिणारा, सॉक्रेटिसच्या संगतीत वावरलेला माणूस. सख्खा मामा कार्मिडीस अथेन्सच्या पिरेअस बंदराच्या कारभाऱ्यांत होता. प्लेटो तेव्हा विशी ओलांडलेला. त्याच्या नावावरच्या 'सातव्या पत्रा'त (ते त्याचंच का, यावर अभ्यासक अजून भांडतात) म्हटलंय की नातलगांनी त्यालाही बोलावणं धाडलं होतं आणि हे लोक नगर सुधारतील अशी आशा त्यालाही होती. तिसांनी काही महिन्यांत १५०० माणसं मारली. आधीची लोकशाही त्यापुढे सोन्यासारखी वाटू लागली, असं ते पत्र म्हणतं. पुढे लोकशाही परत आली आणि इ.स.पू. ३९९ मध्ये तिनं सॉक्रेटिसला विष प्यायला लावलं. विचारणाऱ्यांना हा दुसरा प्रसंग पाठ असतो. पहिला कुणाच्या गावीही नसतो.

आता 'रिपब्लिक' कुठे घडतं ते पाहा. पिरेअस बंदरात, पॉलिमार्कसच्या घरी. त्याचे म्हातारे वडील सेफलस तिथे बसलेले आहेत. मूळचं सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक नगरातलं हे घराणं, ढालींचा मोठा कारखाना, पैसा भरपूर. पण बाहेरून आलेले म्हणून अथेन्सचं नागरिकत्व नाही. न्याय म्हणजे काय, ही चर्चा म्हाताऱ्याशी बोलता बोलता सुरू होते आणि तिच्यातूनच पुढे अख्खं आदर्श राज्य उभं राहतं. पॉलिमार्कसचा भाऊ लिसियस तिथेच आहे, पण पुस्तकभर एक अक्षर बोलत नाही.

लिसियस बोलतो ते नंतर, न्यायासनासमोर, आणि ते भाषण आजही उपलब्ध आहे. तिसांना पैशांची चणचण भासली तेव्हा त्यांनी नागरिक नसलेल्या श्रीमंतांची यादी केली. लिसियस मागच्या दारानं निसटला. पॉलिमार्कसला रस्त्यात धरलं, चौकशीशिवाय विषाचा प्याला पाजला. सातशे ढाली, सोनं, चांदी, तांबं सगळं लुटलं. एवढं मिळूनही तिसांतल्या एकानं पॉलिमार्कसच्या बायकोच्या कानातले सोन्याचे डूल ओढून काढले.

प्लेटोच्या पहिल्या वाचकांना हे सगळं माहीत होतं. त्या घरात बसून सॉक्रेटिस म्हणतो की नगराच्या रक्षकांनी, म्हणजे ज्यांच्यातून राज्यकर्ते निवडायचे त्यांनी, सोन्याचांदीला हात लावायचा नाही, सोनं असलेल्या छपराखाली जायचं नाही, ते अंगावर घालायचं नाही, त्याच्या पेल्यातून प्यायचं नाही. डुलांचा संबंध प्लेटो कुठेच जोडत नाही, तो मी जोडतोय. पण हा नियम एकदा त्या घरातून वाचला की मला तरी तो दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

म्हणून माझं उत्तर असं. प्लेटोनं शहाण्यांना राज्य देऊ केलं, पण त्याची किंमत लावली, आणि ती अशी की कुणीही शहाणा पळून जाईल. राज्यकर्त्याला स्वतःचं घर नाही. कुणालाही केव्हाही आत येता येणार नाही असं कोठार नाही. जमीन नाही. पगार म्हणजे वर्षभर पुरेल इतकं अन्न, उरणार नाही आणि कमीही पडणार नाही असं मोजून. जेवण छावणीतल्या शिपायांसारखं एकत्र. आपली अशी बायको किंवा नवरा नाही, आणि आपलं मूल कोणतं हे कळायचं नाही. राज्यकर्त्यानं मुलाला गादीवर बसवू नये यासाठी याहून कडक उपाय मला तरी कुठे सापडलेला नाही.

शिक्षणाचं वेळापत्रकही काही पदवी घेऊन बाहेर पडण्याचं नाही. लहानपणी संगीत, काव्य, कसरत. विशीत निवड होऊन गणित. तिशीत पुन्हा निवड, मग पाच वर्षं तत्त्वचर्चा. पस्तिशीला परत खाली कामावर पाठवणी, पंधरा वर्षं, मोह आणि माराखाली टिकतो का ते बघायला. जे टिकतील त्यांना पन्नाशीला सत्ता, तीही आळीपाळीनं आणि एक ओझं म्हणून. राज्य करायची ज्यांना सर्वांत कमी हौस, त्यांचं नगर सर्वांत चांगलं चालतं, हे सॉक्रेटिसचं मत. उमेदवारी मिळावी म्हणून धडपडणारा इथे पहिल्याच फेरीत बाद.

प्लेटोचा भाऊ अडिमँटस मध्येच हरकत घेतो, ती मला फार आवडते. तो म्हणतो, अरे, नगर या लोकांचं आणि यांनाच त्यातलं काही मिळत नाही, भाडोत्री पहारेकऱ्यांसारखे बसून राहणार, हे सुखी कसे? सॉक्रेटिस सांगतो की एका वर्गाला सुखी करायला आपण बसलेलो नाही, अख्खं नगर बघायचं आहे. आपल्याकडे हा प्रश्न उलटा विचारावा लागेल, पण ते असो.

आणखी एक कलम विचारणारे पुरुष हमखास विसरतात. एवढं सगळं झाल्यावर ग्लॉकॉन, हा प्लेटोचा दुसरा भाऊ, म्हणतो की सॉक्रेटिस, तू राज्यकर्ते पुरुष अगदी देखणे घडवलेस. सॉक्रेटिस लगेच म्हणतो, आणि राज्यकर्त्या स्त्रियाही. मी बोललो ते फक्त पुरुषांबद्दल होतं असं समजू नकोस. हे त्या अथेन्समध्ये, जिथे स्त्रीला सभेत पाऊल टाकता येत नव्हतं.

याचा अर्थ मला ते राज्य हवंय असा नाही. कवींवर सेन्सॉर, जोडीदार ठरवण्याच्या चिठ्ठ्यांत राज्यकर्त्यांनी गुपचूप केलेली हातचलाखी, 'कमअस्सल' ठरलेली बाळं नजरेआड करणं, हेही त्याच पुस्तकात आहे. आणि सगळ्यांच्या गळी उतरवायची ती एक ठरवून रचलेली थाप, की देवानं काहींच्या घडणीत सोनं मिसळलं, काहींच्यात चांदी, शेतकरी-कारागिरांच्यात लोखंड आणि पितळ.

इथे दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे आपलं चातुर्वर्ण्यच की!" तो येणारच. प्लेटोच्या गोष्टीत सोन्याच्या आईबापांना लोखंडाचं मूल झालं तर त्याला खाली पाठवायचं आणि खालचं सोनं वर आणायचं, असं बजावलेलं आहे, त्यामुळे ती जात नव्हे. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, म्हणजे लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, होऊ न शकलेल्या आणि मग १९३६ मध्ये स्वतःच छापलेल्या भाषणात, नेमकं याच्याही पुढे बोट ठेवलंय. गुणांवरून वर्ण ठरतो असं म्हणणाऱ्यांना ते प्लेटोच दाखवतात. माणसांची अशी तीन-चार कप्प्यांत नीट वाटणी होऊ शकते हेच मुळात खोटं, माणूस इतका सरळ नसतो. प्लेटोवरची ही टीका चातुर्वर्ण्यालाही जशीच्या तशी लागू पडते, असं त्यांचं म्हणणं. प्लेटोवर जे काही मी वाचलंय, त्यात इतक्या थोड्या ओळींत इतकं वर्मी लागणारं फार थोडं आहे.

प्लेटोनं स्वतः हा प्रयोग करून पाहिला का? अर्धामुर्धा. सिराक्यूजमध्ये इ.स.पू. ३६७ मध्ये धाकटा डायोनिसियस गादीवर आला. त्याचा नातलग डिऑन हा प्लेटोचा जुना चाहता. त्यानं साठीच्या प्लेटोला गळ घातली की या, राजालाच तत्त्वज्ञ करू. सुरुवात झोकात झाली. दरबारात भूमितीची अशी लाट आली की आकृत्या काढण्यासाठी पसरलेल्या धुळीनं राजवाडा भरून गेला, असं नंतरच्या काळातला ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. काही महिन्यांतच राजाला डिऑनचा संशय आला आणि डिऑन हद्दपार झाला. काही वर्षांनी प्लेटो पुन्हा गेला, जवळजवळ नजरकैदेत अडकला. दक्षिण इटलीतल्या तारेंटमचा त्याचा तत्त्वज्ञ मित्र आर्कायटस यानं जहाज धाडून त्याला सोडवलं. पुढे डिऑननं फौज घेऊन शहर ताब्यात घेतलं आणि इ.स.पू. ३५४ मध्ये त्याचा खून झाला. खुनाचा सूत्रधार अथेन्सहून त्याच्यासोबत आलेला मित्रच होता.

यानंतरच्या म्हातारपणातलं प्लेटोचं पुस्तक म्हणजे 'कायदे'. ते कुणी वाचत नाही, कारण ते लांबलचक आणि बरंचसं रुक्ष आहे. तिघे म्हातारे क्रीट बेटावर क्नॉससहून झ्यूसच्या गुहेकडे चालत निघालेत आणि वाटेत एका नव्या वसाहतीचा आराखडा करतात. सॉक्रेटिस नाही. तत्त्वज्ञ राजाही नाही. अमर्याद सत्ता हाती आली की माणूस उन्मत्त झाल्याशिवाय राहत नाही, म्हणून राज्यकर्त्यांनी कायद्याचं दास असावं, हा इथला सूर. कुटुंबं ५०४०, कारण त्या संख्येला एकपासून दहापर्यंत सगळ्यांनी भाग जातो आणि जमिनीची, फौजेची, करांची वाटणी सोपी होते. (गणिताची हौस काही सुटत नाही.) सर्वांत श्रीमंताची मालमत्ता मूळ वाट्याच्या चौपटीपर्यंत, त्यापुढची नगराला आणि देवांना. कायद्याच्या आधी त्याची कारणं सांगणारी प्रस्तावना हवी, नागरिकाला आधी पटवा आणि मग बांधा. पद सोडणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याचा हिशेब तपासायला वेगळे तपासनीस. नास्तिकांना मात्र किमान पाच वर्षं कोठडी, तेव्हा फार हुरळून जायलाही नको.

ॲरिस्टॉटल प्लेटोच्या अकादमी या विद्यापीठात वीस वर्षं होता आणि गुरूच्या राज्याचे वाभाडे त्यानंच काढले. जे सगळ्यांचं असतं त्याची काळजी कुणीच घेत नाही. हजार जणांचा मुलगा असण्यापेक्षा एकाचा खरा चुलतभाऊ असणं बरं. तुमच्या प्रश्नाला तर त्यानं थेट उत्तर दिलंय. एकट्याच्या खर्चानं घातलेल्या जेवणापेक्षा सगळ्यांनी आपापलं काही आणून केलेलं जेवण सरस होऊ शकतं, तसंच पुष्कळ साध्या माणसांचा एकत्र निर्णय काही शहाण्यांपेक्षा सरस ठरू शकतो. आणि घर कसं झालंय हे बांधणाऱ्यापेक्षा राहणारा जास्त चांगलं सांगतो, पक्वान्न कसं झालं हे आचाऱ्यापेक्षा जेवणारा. पण त्याच ॲरिस्टॉटलच्या स्वतःच्या आदर्श राज्यात शेत कसणारा, कारागीर आणि दुकानदार यांना नागरिकत्वच नाही; नांगर शक्यतो गुलामांनी धरायचा. म्हणजे पंगतीला पदार्थ आणणाऱ्यांची यादी आधीच कापलेली.

राहिला मताचा हक्क. 'कायदे'मधल्या नगरात ३६० जणांचं मंडळ आहे. मालमत्तेनुसार चार वर्ग, प्रत्येकातून ९० जण, आणि मतदान चौघांनाही. आधी मतांनी दुप्पट निवडायचे, मग चिठ्ठ्या टाकून निम्मे ठेवायचे. वरच्या दोन वर्गांतले प्रतिनिधी निवडताना सगळ्यांना मत द्यावंच लागतं. सर्वांत गरीब वर्गाचे प्रतिनिधी निवडायच्या दिवशी गरिबानं मत दिलं नाही तरी चालतं. पण दुसऱ्या वर्गातल्यानं दांडी मारली तर नेहमीच्या तिप्पट दंड, सर्वांत श्रीमंतानं मारली तर चौपट.

ॲरिस्टॉटलनं यातली मेख लगेच पकडली: दंड श्रीमंतांनाच, म्हणजे ते येणार, गरीब कामावर जाणार आणि पारडं श्रीमंतांकडे झुकणार. बरोबरच आहे त्याचं. तरी मतदानाची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून लोणावळ्याला गेलेले माझे काही सुशिक्षित स्नेही, जे परत आल्यावर हाच प्रश्न विचारतात, त्यांना मी प्लेटोचा हा चौपट दंड आवर्जून सांगतो.