सशाचा पाय, लिगामेंट आणि ‘उपाशीपोटी आणावे’

सशाच्या मागच्या पायाच्या गुडघ्यातलं लिगामेंट, म्हणजे दोन हाडं जोडणारा चिवट पट्टा, दुखावलं तर उपचार तसे साधे असतात: हालचाल कमी, वेदनाशामक आणि भरपूर धीर. आमचा ससा आता चारही पायांवर नीट भार देतो. माझा राग मात्र अजून गेलेला नाही, आणि तो दवाखान्याच्या छापील फॉर्ममधल्या एका ओळीवर आहे: ‘भूल देण्यापूर्वी बारा तास अन्नपाणी देऊ नये.’ कुत्र्यामांजरांसाठी छापलेला फॉर्म, वर नाव तेवढं सशाचं.

आधी भूल का लागते ते सांगते. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही. हाड मोडलेलं नाही, सांधा निखळलेला नाही एवढं एक्स-रे सांगतो. फार तर गुडघ्यात सूज असल्याचं कळतं. लिगामेंट तुटलंय का, हे मांडीचं हाड एका हातात धरून नडगी पुढे सरकते का ते पाहून ठरतं. जागा ससा भीतीने पाय आवळतो आणि ढिला झालेला सांधाही घट्ट लागतो. शिवाय त्याची हाडं हलकी आणि मागचे स्नायू जबरदस्त, त्यामुळे जोराने धरल्यावर त्याने लाथ झाडली तर कणाच मोडू शकतो. म्हणून हलकी भूल. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, काही झालेलं नाही’ एवढ्यावर घरी येऊ नका, गुडघा हाताने तपासला का ते विचारा.

आता त्या ओळीबद्दल. कुत्र्याला उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. सशाला उलटी करताच येत नाही. म्हणजे उपाशी ठेवून मिळत काहीच नाही, उलट नुकसान होतं. सशाचं आतडं सतत आत येणाऱ्या गवताच्या जोरावर चालतं. खाणं थांबलं की ते मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. लठ्ठ सशाच्या यकृतावरही त्याचा परिणाम होतो. गुडघ्याच्या दुखापतीने ससा सहसा जात नाही, आतडं थांबल्याने जातो. त्यात हा ससा आधीच दुखण्यामुळे कमी खात असतो, आणि त्यालाच बारा तास उपास! भुलेच्या वेळी तोंडात घास राहू नये म्हणून फार तर तास-दोन तास आधी खाणं बाजूला करतात. पाणी तोडायची गरज नसते.

हे सगळं मी काउंटरवर सांगितलं. उत्तर मिळालं, ‘फॉर्मवर तसंच आहे, सही करा.’ डॉक्टर आत शस्त्रक्रियेत. सही न करता थांबायचं ठरवलं आणि पिंजऱ्यात गवत ठेवलं. ते काढून घ्यायला सांगितलं, तरी काढलं नाही. डॉक्टर बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःच ती ओळ खोडली आणि तेव्हा जीव भांड्यात पडला. पण ज्याला हे माहीत नसेल तो विश्वासाने सही करून सशाला रात्रभर उपाशी ठेवणार, हेच मला सहन होत नाही.

म्हणून फोनवरच विचारा: ‘भुलेआधी सशाला किती तास उपाशी ठेवायचं?’ उत्तर ‘रात्रभर’ आलं तर दुसरा दवाखाना शोधा. ससे पाहणारा डॉक्टर ओळखायला याहून चांगला प्रश्न मला सापडलेला नाही. घरचं गवत आणि पाण्याचं भांडं सोबत न्या, शुद्धीवर आल्याबरोबर ते समोर हवं. लेंड्या सुरू झाल्या का हे विचारल्याशिवाय घरी आणू नका. घरी दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर रात्र असली तरी डॉक्टरांना गाठायचं.

औषधात बहुधा मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक असतं. सशाला किलोमागे कुत्र्यापेक्षा बराच जास्त डोस लागतो, कारण त्याचं शरीर ते लवकर बाहेर टाकतं. त्यामुळे बाटलीवरचा कुत्र्याचा तक्ता वापरू नका. बाटल्याही वेगवेगळ्या असतात: एकीत मिलिलिटरमागे 1.5 मिलिग्रॅम, दुसरीत 0.5, म्हणजे तिपटीचा फरक. डोस मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्हींत लिहून घ्या. सिरिंज पुढच्या दातांच्या मागे, बाजूच्या फटीतून घालून थोडं थोडं द्या. माणसांची वेदनाशामकं स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका.

खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असते. औषधाने दुखणं दबतं, ससा टुणटुणीत दिसतो आणि त्याला सोडावंसं वाटतं. सोडू नका, साधारण चार ते सहा आठवडे बंदिस्त जागाच हवी, नेमकं किती ते डॉक्टर ठरवतील. जागा एवढी, की पाय ताणून लोळता येईल पण उडी मारता येणार नाही. वरून झाकलेली, आत चढायला फळी किंवा घर नको. खाली न सरकणारी चटई, त्यावर फ्लीस (मऊ, लोकरीसारखं कापड). गुळगुळीत फरशीवर पाय पसरतो आणि सांधलेलं पुन्हा ताणतं. शी-शूच्या ट्रेची एक बाजू तीन-चार सेंटिमीटर उंचीपर्यंत कापून घ्या. गुडघ्याला पट्टी बांधायचा आग्रह धरू नका. सशाच्या पायावरून ती घसरते किंवा तो कुरतडतो.

दुसरा पाय रोज पाहा. सगळा भार त्याच्यावर येतो आणि सशाच्या तळव्याला गादी नसते, फक्त केस असतात. टाचेवरचे केस विरळ होऊन कातडी लाल दिसली तर फ्लीस जाड करा, ओली राहू देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. बुडही रोज तपासा: ससा एरवी वाकून ज्या मऊ लेंड्या खातो, त्या वाकता येत नसल्यामुळे तिथेच चिकटतात आणि माश्या अंडी घालतात. जोडीदार ससा असेल तर त्याला जाळीपलीकडे शेजारीच ठेवा, दूर नेलं तर दोघंही खाणं सोडू शकतात.

दात जोरात करकरणं, डोळे अर्धे मिटणं, गाल आत गेलेले दिसणं ही वेदनेची लक्षणं. तेव्हा डोस आपण वाढवायचा नाही, फोन करायचा.

सोडताना आधी चटईवर पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. लंगडणं वाढलं तर परत मागे. पाय वाकवण्याचे व्यायाम डॉक्टरांनी करून दाखवल्यावरच. पेलेट (दाणेदार तयार खाद्य) कमी, गवत हवं तेवढं, कारण बसून वजन वाढलं तर तो भार त्याच गुडघ्यावर येणार. उचलताना मागचा भाग हातावर टेकलेला हवा, पाय लोंबकळता नये. आणि नखं आधीच कापून ठेवा: लांब नख फ्लीसमध्ये अडकलं की ससा ते सोडवायला तोच दुखरा पाय झटकतो.