पेन्सिल जिथे थांबते, तिथे क्यूआर कोड

कार्यपत्रिकेच्या डोक्यावर एक क्यूआर कोड छापायचा, त्यामागे अख्ख्या धड्याचा वीस मिनिटांचा व्हिडिओ ठेवायचा आणि डिजिटल धडा तयार झाला असं समजायचं, हा प्रकार बऱ्याच ठिकाणी दिसतो. मुलांच्या हाती त्यातून फारसं काही लागत नाही. मूल अडतं ते चौथ्या उदाहरणाच्या दुसऱ्या पायरीवर. त्या वेळी वीस मिनिटांतली आपल्या कामाची चाळीस सेकंदं कुठे आहेत, हे त्याने कसं शोधायचं? कोड त्या उदाहरणाशेजारीच हवा, आणि त्यामागे तेवढ्याच अडचणीपुरतं काहीतरी हवं.

अपूर्णांकांची बेरीज घ्या: १/२ + १/३. पर्याय द्या ५/६, २/५, २/६ आणि १/६. यातला प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक चुकीतून येतो. २/५ म्हणणाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. २/६ म्हणणाऱ्याने छेद समान केला, पण अंश बदलायचे राहिले. १/६ म्हणणाऱ्याने गुणाकार केला. आता प्रत्येक पर्यायापुढे वेगळा कोड छापा. २/५ च्या कोडमागे 'चूक' हा शब्द नको, एक प्रश्न ठेवा: 'अर्ध्यात भर घातली, तरी उत्तर अर्ध्याहून कमी कसं?' मूल परत गणिताकडे वळतं. माझ्या मते क्यूआर कोडचा वर्गातला सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे. शिक्षक एका वेळी एकाच बाकाशी असतो. असा प्रश्न मात्र ज्याला लागेल त्याला लागेल तेव्हा मिळतो.

असा छोटा प्रश्न थेट कोडमध्येच साठवता येतो, मग इंटरनेट लागतच नाही. पण देवनागरीचा हिशेब आधी समजून घ्यायला हवा. कोडची क्षमता बाइटमध्ये, म्हणजे संगणकातल्या साठवणुकीच्या एककात मोजतात. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्हाला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार हे सगळं वेगळं धरलं जातं. 'विद्यार्थी' या एका शब्दाचे ३० बाइट होतात. वरच्या प्रश्नाचे भरतात १२६, म्हणजे दुरुस्तीची (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा, या सोयीची) मध्यम पातळी ठेवली तर ४९ × ४९ ठिपक्यांचा कोड. साधारण बारा-तेरा शब्दांपर्यंत हे जमतं. त्यापुढे ठिपके इतके बारीक होतात की साध्या फोनचा कॅमेरा चाचपडत राहतो. आणखी एक अडचण: काही फोनचा कॅमेरा साधा मजकूर वाचून दाखवण्याऐवजी तो इंटरनेटवर शोधायला निघतो, तर काही जुनी ॲप देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हं दाखवतात. त्यामुळे मजकुराचा कोड छापण्याआधी वर्गात जे फोन किंवा टॅब वापरणार, त्यांवरच तो तपासा.

मजकूर मोठा असेल, आवाज किंवा चित्रफीत असेल, तर दुव्याशिवाय पर्याय नाही. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली परवानगीची. गूगल ड्राइव्हवरची फाइल मुळात फक्त मालकाला दिसते. ती 'दुवा असलेल्या कोणालाही' अशी खुली केली नाही, तर वर्गातल्या प्रत्येक फोनवर लॉगिनची पाटी येते. शिक्षकाच्या फोनवर मात्र ती व्यवस्थित उघडते, म्हणून चूक लक्षात येत नाही. ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉगिन न करता दुवा उघडून पाहा.

दुसरी गोष्ट कोडच्या आयुष्याची. कोड बनवून देणारी अनेक संकेतस्थळं 'डायनॅमिक' कोड देतात. त्यात तुमचा दुवा नसतो, त्यांचा असतो, आणि त्यांच्याकडून वाचक तुमच्या पानावर पाठवला जातो. मोफत मुदत संपली की कोड मुका, आणि छापलेल्या साठ प्रती वाया. स्टॅटिक कोडला मुदत नसते, कारण पत्ता ठिपक्यांतच असतो. पण तो पत्ता नंतर बदलता येत नाही. यावर उपाय असा: प्रत्येक घटकासाठी आपल्या ताब्यातलं एक साधं वेबपान करायचं, स्टॅटिक कोड त्या पानाचा छापायचा आणि आतला मजकूर हवा तेव्हा बदलायचा. पान तेच राहतं, म्हणून कोडही चालू राहतो.

दुवा जितका लांब, तितके ठिपके जास्त. ड्राइव्हचा नेहमीचा ८२ अक्षरांचा दुवा मध्यम पातळीला ३७ × ३७ चा कोड देतो, आणि २४ अक्षरांचा छोटा दुवा २५ × २५ चा. दोन्ही अडीच सेंटिमीटर रुंदीत छापले, तर पहिल्यात एक ठिपका ०.६८ मिलिमीटरचा आणि दुसऱ्यात बरोबर १ मिलिमीटरचा येतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की हा फरक फार जाणवतो.

हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. डाग पडले, थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा, अशी सोय त्यात आहे. दुरुस्तीच्या चार पातळ्या असतात: एल, एम (वर म्हटलेली मध्यम), क्यू आणि एच. त्या अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के नुकसान सोसतात. पातळी वाढवली की ठिपकेही वाढतात, म्हणून कार्यपत्रिकेला एम आणि महिनाभर भिंतीवर राहणाऱ्या कोडला क्यू पुरे. मध्ये शाळेचं बोधचिन्ह बसवण्याचा मोह टाळा, ते याच राखीव क्षमतेवर डल्ला मारतं. आणि ही दुरुस्ती तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांना लागू नाही. कागदाची घडी किंवा स्टेपलरची पिन त्यांच्यावर आली, तर कॅमेऱ्याला तिथे कोड आहे हेच कळत नाही.

चारही बाजूंना चार ठिपक्यांइतकी कोरी कड सोडा. तक्त्याच्या रेघा कोडला चिकटल्या, तर कोड वाचला जात नाही. गडद कोड फिकट कागदावर, उलट नको. फाइल पीएनजी किंवा एसव्हीजी या चित्रप्रकारात ठेवा आणि आकार बदलताना कोपऱ्याला धरून ओढा. अंतराचा ढोबळ हिशेब असा की कोडच्या रुंदीच्या दहापट लांबून तो वाचता येतो: बाकावर अडीच सेंटिमीटर, दीड मीटरवरून पाहायच्या भिंतीवर पंधरा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडतो, म्हणून ते मॅट घ्या.

भिंतीवर ठिकठिकाणी कोड लावून गटांना फिरवायचं असेल, तर सगळ्या गटांना पहिल्या ठिकाणापासून सुरू करू नका, नाहीतर तिथेच गर्दी होते. पाच गट, पाच ठिकाणं, प्रत्येकाची सुरुवात वेगळी, एका ठिकाणी सहा मिनिटं. फोन एकाच्या हातात, वही दुसऱ्याच्या, आणि ठिकाण बदललं की कामंही बदलायची. नाहीतर एकच मूल स्कॅन करत राहतं आणि बाकीचे बघत बसतात.

फोन एकच, तोही शिक्षकाचा, असं असेल तर हाच खेळ उलटा करा: कोड मुलांच्या हातात, कॅमेरा शिक्षकाच्या. प्लिकर्स या वर्गात उत्तरं गोळा करणाऱ्या ॲपची कार्डं यासाठीच आहेत. नेहमीच्या संचात ४० कार्डं, मोठ्यात ६३. प्रत्येकावरची आकृती निराळी, आणि चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी हे पर्याय. मूल आपल्या उत्तराची बाजू वर धरतं, शिक्षक फोन सावकाश वर्गावरून फिरवतो आणि नावानिशी उत्तरं नोंदली जातात. अक्षरं बारीक छापलेली असतात आणि शेजाऱ्याची आकृती वेगळी असते, त्यामुळे बघून उत्तर देणं कठीण. कार्ड क्रमांक म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवा. काळ्या भागावर बोटं येणं, हे कार्ड न वाचलं जाण्याचं नेहमीचं कारण. पुढच्या रांगेने छातीशी आणि मागच्यांनी डोक्यावर धरलं, तर कार्डं एकमेकांआड येत नाहीत. मुलांच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल, तर पडदा ओढा.

निकाल आला की लगेच बरोबर उत्तर सांगू नका. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी रुळवलेली पद्धत इथे नेमकी बसते: साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील, तर मुलांना शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालू द्या आणि पुन्हा कार्डं वर करायला सांगा. त्याहून कमी असतील तर घटक पुन्हा शिकवा, जास्त असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जा. फळ्यावर स्तंभालेख दाखवायचाच असेल, तर दुसऱ्या फेरीनंतर दाखवा. आधी दाखवला, तर मुलं उंच स्तंभाकडे सरकतात, विचार न करता.

स्कॅन केल्यावर पडद्यावर पत्ता दिसतो, तो वाचून मगच बोट ठेवायची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावा. कोडवर दुसरं स्टिकर चिकटवून भलत्याच पानावर नेणं अगदी सोपं असतं. प्रत्येक कोडखाली तो कशाचा आहे हे एका ओळीत लिहा आणि छोटा दुवाही छापा. ज्या मुलाकडे फोन नाही, त्याच्यासाठी त्याच सूचना चिठ्ठ्यांवर छापून क्रमांकाच्या पाकिटांत ठेवा. सत्र सुरू होण्याआधी भिंतीवरचे आणि कार्यपत्रिकांवरचे सगळे कोड दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर एकदा उघडून पाहा, आणि जे पान उघडत नाही त्याचा कागद त्याच वेळी काढून टाका.