रेम्ब्रांट लाईटिंग आणि ४५ अंशांचा घोळ

एकाच लॅम्पच्या उजेडात चेहऱ्याचे फोटो काढायचे होते: एक लॅम्प, एक खुर्ची आणि समोर ताई. एका संध्याकाळचं काम आहे असं वाटलेलं, चार संध्याकाळी गेल्या. स्प्लिट (अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत) लगेच जमला, बटरफ्लाय (लॅम्प समोर वर, नाकाखाली फुलपाखरासारखी सावली) पण जमला, त्यांचं काही नाही. अडलं ते रेम्ब्रांटवर. आणि अजून राग येतो तो याचा की जिथे बघावं तिथे "लाईट ४५ अंशावर ठेवा" एवढंच सांगतात, कशापासून ४५ ते कोणी धड सांगत नाही!

माहीत नसेल तर सांगतो, सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा उलटा त्रिकोण येतो, तो हवा असतो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या (१६०६–१६६९) पोर्ट्रेटमध्ये असा उजेड दिसतो म्हणून ते नाव. नाकाची सावली तिरकी खाली उतरून गालाच्या सावलीला टेकली की त्रिकोण बंद होतो. नाही टेकली तर त्याला लूप म्हणतात, दिसतो छान, पण मला तो नको होता.

मी काय करत होतो, तर कॅमेऱ्यापासून ४५ मोजत होतो. जमिनीवर टेप लावून, अगदी नीट. आणि दरवेळी लूपच. लॅम्प वर घेतला, तर भुवयांची सावली डोळ्यांवर आली आणि डोळ्यातली चमक, म्हणजे कॅचलाईट, गायबच झाली. खाली घेतला तर नाकाची सावली आडवी गालावर पसरली. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "अरे, तू लॅम्प हलवतोस तशी मी पण लॅम्पकडेच बघते ना, मग काय होणार?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिचं तोंड थोडं लॅम्पकडे वळलेलं असायचं, म्हणजे माझ्या टेपने ४५ असले तरी तिच्या नाकापासून जेमतेम २०-२५ अंश उरायचे. कोन नाकापासून मोजायचा, कॅमेऱ्यापासून नाही! कॅमेरा कुठेही न्या, चेहऱ्यावरची सावली बदलत नाही, ती बदलते मान वळली की.

मग भिंतीवर कागदाचा एक तुकडा चिकटवला, ताईला म्हटलं त्याच्याकडेच बघ, आणि कोन मोजायचं सोडून फक्त नाकाच्या सावलीच्या टोकाकडे बघत लॅम्प इंच इंच सरकवला. सावली ओठाच्या कोपऱ्यापाशी आली, अजून थोडी, आणि गालाच्या सावलीला टेकली. त्रिकोण! डोळ्यापेक्षा रुंद नाही, नाकापेक्षा लांब नाही, असाच हवा असतो. तो क्षण मी विसरणार नाही, खरंच.

पण फोटोत सावली तरी फिकीच. त्याचं कारण शेजारची पांढरी भिंत, ती उजेड परत चेहऱ्यावर फेकत होती. सावलीच्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, खुर्चीच्या पाठीवर काळी चादर टाकली आणि गाल एकदम खोल झाला. उलट सावली हलकी करायची असेल तर तिथेच पांढरा थर्माकोल धरा.

हो, आणि हे आधीच सांगायला हवं होतं, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. एक ट्यूबलाईट चालू राहिली तरी सगळी मेहनत पाण्यात. ऑटो मोड पण नको, कॅमेरा अंधार बघून फोटो उजळवतो आणि सावली घालवतो. मॅन्युअल ठेवा, फोनवर असाल तर उजेडातल्या गालावर बोट दाबून एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ येईल ते, लॉक करा.

लॅम्प जवळ आणला की मागची भिंत आपोआप काळोखात जाते, कारण लॅम्पपासून अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो. आमच्याकडे लॅम्प चेहऱ्यापासून १ मीटरवर होता आणि मागची भिंत लॅम्पपासून साधारण ३ मीटरवर, म्हणजे भिंतीवर नवव्या भागाएवढाच उजेड. वेगळं काळं बॅकग्राउंड लागलंच नाही. आणि चष्मा असेल तर काड्या कानाच्या थोड्या वर उचलून ठेवायला सांगा, काचेतला लॅम्प निघून जातो.