आमची वाटचाल: अमृत कोकम, आगळ आणि मॉरिशसचा कर

कुडाळला घराच्या पडवीत आम्ही नवरा-बायकोनं 2012 साली कोकमाचा धंदा मांडला, तेव्हा आमचं सर्वांत लांबचं गिऱ्हाईक दादरचं होतं. मॉरिशस आमच्या वहीत आलं दहा वर्षांनी, मालवण बघायला आलेल्या एका दुकानदारामुळे. त्यांचे पूर्वज इथूनच उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, हे त्यांच्याकडूनच कळलं. सणासाठी त्यांनी अमृत कोकमच्या पाचशे बाटल्या मागितल्या.

भारत-मॉरिशस व्यापार करार 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेला. आपल्याकडच्या 310 वस्तूंना त्यात तिथल्या आयात शुल्कात, म्हणजे ड्युटीत, सवलत आहे, एवढं मी वाचलं होतं. छाती फुगवून दुकानपोच भाव देऊन टाकला. ड्युटी माफ म्हणजे कर माफ, असा माझा हिशेब!

तिथं 15 टक्के व्हॅट आहे, आणि तो नुसत्या मालाच्या किमतीवर नाही, तर जहाजाचं भाडं, विमा आणि असेल ती ड्युटी धरून होणाऱ्या रकमेवर बसतो. आमच्यासारख्यांचा माल कंटेनरभर थोडाच असतो? इतरांच्या मालासोबत आमची खोकी जातात, त्यामुळे मालाच्या मानानं भाडं जबर. माल 1 लाखाचा आणि भाडं-विमा 30 हजार धरला, तर 1 लाख 30 हजारांवर व्हॅट, म्हणजे 19,500 रुपये. ही म्हणाली, "म्हणजे समुद्राचा पण कर आपणच भरायचा."

खरा दणका पुढेच होता. गोड पेयांवर तिथं 2013 पासून अबकारी कर आहे, तोही साखरेच्या ग्रॅमवर. अमृत कोकमात फळापेक्षा साखरच जास्त! शिवाय हा अबकारी करही व्हॅटच्या हिशेबात धरला जातो. शब्द दिला होता, पदरचे भरले. त्या वर्षीचा सगळा नफा पोर्ट लुई बंदरात उतरला.

इलाज स्वयंपाकघरातच होता: आगळ. फक्त कोकम आणि मीठ, साखरेचा कणही नाही. वाटीभर आगळात घरभर सोलकढी होते, तेव्हा भाडंही अंगावर येत नाही. आता जास्त करून तेच पाठवतो. भाव पोर्ट लुईपर्यंतचा देतो, तिथले कर दुकानदार भरतात. इनव्हॉइस करण्याआधी एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाचा प्रकार ठरवणारा आकडा, त्यांच्याकडून तपासून घेतो, कारण एकच बाटली इथं एका कोडात आणि तिथं दुसऱ्यात बसली की गोंधळ ठरलेला. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला, माल न्हावाशेवा बंदराला जायच्या आधी हातात हवं. त्याशिवाय करार असून नसल्यासारखा.

अमृत कोकम अजूनही जातं. चतुर्थीच्या आधी, दोन खोकी, त्यांच्या घरच्यांसाठी. त्यावरचा कर ते हसत भरतात.