तुम्ही विचारलंत म्हणून: तेच तेच वाजवून कंटाळा येत नाही का?

हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो, आणि बहुतेक गणपतीत येतो. कुणीतरी कुणाच्या तरी फोनवर आमच्या आफ्रोबीट बँडचा व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यात दहाजण काय काय वाजवत असतात आणि कोपऱ्यात पंजाबी ड्रेस घातलेली एक चष्मेवाली बाई भोपळा हलवत असते. ती मी. "काकू, चौदा मिनिटं तुम्ही एकच करताय. कंटाळा नाही येत?" विचारणारा चेष्टा करत नसतो, खरंच विचारत असतो. आजवर मी हसून वेळ मारून नेली. यंदा पुतणीनेही तेच विचारलं, तेव्हा म्हटलं, एकदा सविस्तर सांगून टाकू.

आधी भोपळ्याविषयी. त्याला शेकेरे म्हणतात. वाळवलेला, आतून पोखरलेला भोपळा आणि त्याच्यावर सैलसर विणलेली मण्यांची जाळी. एका हातात मान धरायची, दुसऱ्या हाताने बूड झेलायचं. मणी भोपळ्यावर आपटतात तो एक आवाज, आणि बुडावर तळव्याने थाप मारली की आतून घुमतो तो दुसरा. मी मिरजेची. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. पंढरपूरच्या बाजूने आलेले कडू भोपळे तिथे ढिगाने रचलेले असायचे, आणि त्यांना टिचक्या मारत मारत तंबोऱ्यासाठी भोपळा निवडणारी माणसं मी लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे अमेरिकेत, जर्सी सिटीतल्या एका चर्चच्या तळघरात पहिल्यांदा शेकेरे हातात आलं, तेव्हा मीही आधी त्याला टिचकीच मारली. बाकीचे बघत राहिले. पुढे कधीतरी वाचलं, की आपला दुध्या, तंबोऱ्याचा कडू भोपळा आणि हे शेकेरे ही सगळी एकाच वेलीची जात, आणि ती वेल मुळात आफ्रिकेतली. म्हणजे मिरजेला भोपळा ओळखीचा, पण तो गावचा नव्हेच!

मी त्या तळघरात पोचले कशी, तर एका फुकटच्या तिकिटामुळे. 2010 च्या जानेवारीत ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडे ब्रॉडवेचं जादा तिकीट होतं. नाटक होतं 'फेला!'. आफ्रोबीट हे संगीत घडवणारा नायजेरियाचा गायक फेला कुटी याच्यावरचं. मला नाव ठाऊक नव्हतं. यूजीन ओनील थिएटरचं रंगमंच म्हणजे लागोसमधला फेलाचा क्लब, 'श्राइन', करून टाकलेला, आणि वाजवणारे खाली खड्ड्यात लपलेले नाहीत तर वर, सगळ्यांसमोर. मध्येच प्रेक्षकांना उभं करून कमरेने घड्याळ काढायला लावतात. बारा वाजले, तीन वाजले, सहा वाजले. ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र तसंच लटकत असताना मी सहा वाजवले. पण घरी जाताना डोक्यात राहिलं ते वेगळंच. एवढे सगळेजण वाजवत होते आणि कुणीही कुणाच्या अंगावर जात नव्हतं.

तो बँड होता अँटिबालास. 1998 मध्ये ब्रुकलिनमध्ये मार्टिन पेर्ना या बॅरिटोन सॅक्सोफोनवाल्याने तो उभा केला, फेला गेल्याला वर्षही पुरतं झालं नव्हतं तेव्हा. पेर्ना मेक्सिकन वंशाचा अमेरिकन. नाव स्पॅनिश: ज्याला बंदुकीची गोळी लागत नाही असा. डोळ्यांसमोर आदर्श बँड दोन, एक फेलाचा आफ्रिका 70 आणि दुसरा एडी पाल्मिएरीचा हार्लेम रिव्हर ड्राइव्ह, म्हणजे लागोस आणि न्यूयॉर्कमधले पोर्तोरिकन एकाच हंड्यात. दहा-बारा जणांचा ताफा, त्यात गोरे, काळे, लॅटिनो सगळे. तेव्हा पुढे गाणारा अमायो हा लागोसमध्ये वाढलेला आणि ब्रुकलिनमध्ये चिनी कुंग फू शिकवणारा. 2020 च्या त्यांच्या 'फू क्रॉनिकल्स' या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. बक्षीस नायजेरियाचा गायक बर्ना बॉय याने नेलं. (पुतणीला हे नाव लगेच कळलं. तर बाळा, तो गातो ते आफ्रोबीट्स, आजचं पॉप, शेवटी 'स' असलेलं. आम्ही वाजवतो ते फेलाचं आफ्रोबीट, 'स' नसलेलं. घोळ सगळेच करतात. पण नातं आहे: बर्ना बॉयच्या आईचे वडील फेलाचे पहिले मॅनेजर होते.)

आमचा बँड अँटिबालासच्या पासंगालाही पुरणारा नाही. हौशी मंडळी, मंगळवारची तालीम, वर्षाला सहा-सात कार्यक्रम. ड्रमवर हैतीच्या आईबापांचा मुलगा, बासवर डॉमिनिकन, ट्रम्पेटवर दोन ज्यू शिक्षक, गिटारवर एक कोरियन मुलगी. नायजेरियाचे म्हणाल तर एकच. निवृत्त बसचालक, तिथल्या योरुबा समाजाचे, आमचे गायक. आम्ही त्यांना अंकल म्हणतो, आणि ते मला 'मॅडम इंडिया'.

आता कंटाळ्याकडे येते.

आफ्रोबीटचं गाणं म्हणजे एक-दोन कॉर्ड, आणि त्यावर प्रत्येकाने धरलेला एकेक छोटा तुकडा. बास चार-पाच सुरांचा, मध्ये मोकळ्या जागा ठेवलेला. एक गिटार चकचक वाजते, दुसरी बासच्या अंगाने एक ओळ घोळवत राहते. काठ्यांचा ठोका, तीन छोटे ढोल, शेकेरे. त्यावर ब्रासची मंडळी येऊन मुखडा वाजवून जातात, मग एखादा सोलो, मग पुन्हा मुखडा. गायक तोंड उघडतो तेव्हा सात-आठ मिनिटं होऊन गेलेली असतात. फेलाचं एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खायचं. आणि एकदा रेकॉर्ड झालं की तो ते मंचावर वाजवायचाच नाही. लोक फर्माइश करून थकायचे.

सुरुवातीला मला कंटाळा नाही आला, माझी घुसमट झाली. कारण मी समेची वाट बघत होते. मिरजेत गुरूंच्या मागे तंबोऱ्यावर बसत होते, थोडा तबला शिकले होते. माझ्या कानाला सवय अशी की कुठेतरी तिहाई येणार, समेवर पडणार, मान हलणार, "वा" म्हणायचं. इथे सम येईचना. आवर्तनं जाताहेत, कुणीही कुठेही येऊन पडत नाही. तीन-चार महिन्यांनी ड्रमरने विचारलं, "तू प्रत्येक वेळी श्वास रोखून कशाची वाट बघतेस?" मला इंग्रजीत सम समजावता आली नाही. मराठीत तरी आली असती का कोण जाणे.

दुसरी खोड लयीची. भजन रंगलं की लय चढते, चढायलाच हवी, नाहीतर टाळकरी झोपले म्हणतील. मीही रंगले की चढायचे. आफ्रोबीटमध्ये हा गुन्हा आहे. पहिल्याच कार्यक्रमात नवव्या मिनिटाला माझ्या हातून लय सरकली. शेकेरेचा आवाज बारीक, पण तो सगळ्यांच्या कानात असतो, त्यामुळे मी सरकले तशी काठ्या सरकल्या, गिटार सरकली, आणि ड्रमर दात-ओठ खात सगळ्यांना मागे ओढत राहिला. नंतर तो मला काही बोलला नाही. पुढच्या मंगळवारी आम्ही एकच तुकडा चाळीस मिनिटं वाजवला. घड्याळ लावून.

त्या चाळीस मिनिटांत मला पहिल्यांदा ऐकू आलं. विसाव्या मिनिटाच्या आसपास हाताला काही सांगावं लागत नाही, आणि मग कान रिकामे होतात. बासवाला प्रत्येक चौथ्या फेरीत शेवटचा सूर केसभर उशिरा टाकतो हे तेव्हा कळलं. मी ज्या जागी मणी आपटते तिथेच गिटारवाली मुद्दाम थांबते हेही. तोवर मला वाटायचं की मी एकटीच एकसुरी वाजवतेय आणि बाकीच्यांचं काहीतरी बरं चाललंय. प्रत्येकाला तसंच वाटत होतं! जुळलं की आमच्यात "लॉक झालं" म्हणतात. लॉक झालं की एकानेही नवीन काही करू नये. कुणीतरी करतोच, आणि तो बहुधा ट्रम्पेटवाला असतो.

टोनी ॲलनचं ड्रमिंग ऐका म्हणजे मी काय म्हणते ते पटेल. फेलाचा ड्रमर, लागोसच्या रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ असलेला, स्वतःच शिकलेला माणूस. त्याच्याशिवाय आफ्रोबीट झालंच नसतं, असं फेला स्वतः म्हणायचा. चार हातपाय चार वेगळी माणसं असल्यासारखे चालतात, आणि एकही आवाज चढत नाही. 2020 मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. त्या मंगळवारी तालीम नव्हतीच, टाळेबंदी होती. अंकलनी फोनवर नुसतं टेबल वाजवून दाखवलं.

मिरजेचं कुणी भेटलं तर मी एवढंच विचारते: तंबोऱ्यावर बसलेल्याला कधी कुणी विचारलंय का, बाबा रे, चार तारा दोन तास, कंटाळा नाही येत? पण "आपल्यासारखंच आहे हो" म्हणून मी सुटणार नाही. तंबोरेवाल्याने नाहीसं व्हायचं असतं. शेकेरेवाल्याचा घाम पहिल्या रांगेला दिसतो.

दुसरा प्रश्न लोक जरा दबकत विचारतात. नायजेरियाचं संगीत, आणि बँडमध्ये नायजेरियाचा एक माणूस, हे कसं? प्रश्न रास्त आहे. हे संगीत मुळातच मिसळीचं, हे अर्धं उत्तर. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला फेला पश्चिम आफ्रिकेचं नाचाचं संगीत, हायलाइफ, आणि जॅझ वाजवायचा. 1969 मध्ये तो लॉस एंजेलिसला काही महिने राहिला, तिथल्या सँड्रा इझाडोर या मैत्रिणीने त्याच्या हातात कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स याचं आत्मचरित्र ठेवलं, तिकडे जेम्स ब्राउनचं फंक कानावर होतंच. परत गेला तो आफ्रिका शिकून, तीही अमेरिकेतून. गायला पिजिनमध्ये, म्हणजे तिकडच्या मिश्र इंग्रजीत, कारण योरुबात गायलं तर फक्त योरुबांना कळणार.

उरलेलं अर्धं मात्र मिसळीने भागत नाही. 'झॉम्बी' हे गाणं सैनिकांची टर उडवणारं. 18 फेब्रुवारी 1977 ला सुमारे हजार सैनिक फेलाच्या घरात, कलाकुटात घुसले. घर जाळलं, बायकांवर अत्याचार केले, त्याच्या म्हाताऱ्या आईला खिडकीतून खाली फेकलं. पुढच्या वर्षी ती गेली. ही साधी आई नव्हती. फुनमिलायो रॅन्सम-कुटी, 1940 च्या दशकात अबेओकुटाच्या हजारो बाजारकरणींना घेऊन बायकांवरच्या कराविरुद्ध उभी राहिलेली, राजाला गादी सोडायला लावणारी. चौकशी समितीने दोष दिला एका 'अज्ञात सैनिकाला'. हे माहीत नसताना 'झॉम्बी'वर नुसती कंबर हलवणारे बँड मी पाहिलेत, आणि मला ते आवडत नाहीत. अंकल नव्या माणसाला आधी गोष्ट सांगतात, मग त्याचा तुकडा.

आणि फेला देव नव्हता. 1978 मध्ये त्याने एकाच वेळी सत्तावीस बायकांशी लग्न लावलं. 'लेडी' हे त्याचं गाणं बरोबरी मागणाऱ्या बाईची खिल्ली उडवतं. ते बसवायला घेतलं तेव्हा मी शेकेरे खाली ठेवलं. म्हटलं, फुनमिलायोच्या मुलाने हे लिहावं? ट्रम्पेटवाले म्हणाले, चाल काय सुंदर आहे! सुंदर आहेच. अंकल जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "माझी बहीण हे लागलं की रेडिओ बंद करायची." ते गाणं आमच्या यादीत नाही.

गेल्या वर्षी इथल्या एका मराठी मंडळाने आम्हाला गणपतीत बोलावलं. वेळ दिली पाच मिनिटं. मी सांगून पाहिलं, की पाच मिनिटांत अंकल तोंडसुद्धा उघडत नाहीत. "बसवा हो काकू." नाही बसलं. पाचव्या मिनिटाला सूत्रसंचालिका विंगेतून हात दाखवायला लागली. बँडमधल्या कुणाला तो आपल्यासाठी आहे हे कळलं नाही, आणि मला कळूनही मी दिसल्याचं दाखवलं नाही. आठव्या मिनिटाला अंकल गायला लागले. पोरं पुढे येऊन नाचत होती, दोन आज्यासुद्धा. तेराव्या मिनिटाला थांबलो. त्यापायी अंताक्षरी रद्द झाली. यंदा बोलावणं आलं नाही.

सामान आवरत होतो तेव्हा एक आजोबा आले. सांगलीचे, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांनी काहीच विचारलं नाही. शेकेरे उचललं, मणी बाजूला सारून भोपळ्याला टिचकी मारली, कान लावला, दुसऱ्या बाजूने पुन्हा मारली.

"वेलीवरच वाळू दिलाय," म्हणाले, आणि परत माझ्या हातात दिलं.