ईसीएचएस, मायचा स्टेंट आणि ४८ तास : माझा अनुभव

गावातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच फौजी भावांनी विचारलं की तुझ्या मायच्या वेळी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या इलाजाच्या योजनेच्या, क्लेमचं नेमकं काय झालं, प्रत्येकाला फोनवर सांगून थकलो म्हणून एकदाच लिहून टाकतो. लांबेल, पण मधलं सोडू नका, कारण मी अडकलो ते मधल्याच गोष्टीत.

मी तोपखान्यातला. १९९४ ला भरती, नाशिक रोडच्या सेंटरला ट्रेनिंग, मग कुठं कुठं फिरलो ते राहू द्या, २०१८ ला हवालदार म्हणून पेन्शन आलो. येताना ईसीएचएसचे ३० हजार एकरकमी कापले, हवालदारापर्यंत तेवढेच, जेसीओला, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर, ६७ हजार आणि ऑफिसरला १ लाख २० हजार. तेव्हा वाटलं बरं झालं, एकदाच काय ते गेले, आता मी, बायको, पोरं, माय सगळ्यांचा इलाज आयुष्यभर फुकट. गावात पण लोकांना असंच वाटतं, तुमचं काय बुवा, मिलिट्रीचं सगळं फुकट.

आणि पहिल्यांदा खरंच तसं झालं. बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले, पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्यात गेलो, तिथल्या डॉक्टर मॅडमने तपासलं, रेफरल दिला, पॅनलवरच्या, म्हणजे ईसीएचएसशी करार असलेल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, चार दिवसांनी घरी. एक रुपया लागला नाही, फक्त माझ्या चहाचे आणि एसटीचे गेले. त्यामुळे पुढचं वाचून कोणी म्हणू नका की हा नुसता रडतोय.

आता मायचं. मे महिना, आमच्या खान्देशातला मे म्हणजे सांगायला नको, रात्री दहालासुद्धा भिंती तापलेल्या, आम्ही सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर झोपलेलो. शनिवारची रात्र, दीडच्या सुमारास माय उठून बसली, छातीवर हात, आणि घाम असा की लुगडं पिळून काढावं. मी म्हटलं दवाखान्यात जाऊ तर म्हणे, "माले काही नही व्हयेल, उन्हाळा शे." तालुक्याच्या डॉक्टरने ईसीजी काढला, पट्टी हातात धरूनच मला बाजूला घेतलं, म्हणाला अटॅक आहे, गोळ्या देतो पण इथं थांबू नका. १०८ ला फोन केला, ती बिचारी वीस मिनिटांत आली, पहाटे चारला आम्ही शहरात.

मी ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं की पॅनलवरच्याच हॉस्पिटलला घे. तिथं काउंटरवरच्या पोराने कार्ड बघितलं, आत गेला, बाहेर आला, "ईसीएचएसचं कॅशलेस सध्या बंद आहे, मागची बिलं आली नाहीत, पैसे भरून घ्यायचं तर घेतो, पण कार्डियाकचे डॉक्टर आज बाहेरगावी आहेत." इमर्जन्सीत पॅनलवरच्या हॉस्पिटलला नाही म्हणता येत नाही असा नियम आहे, मला तो माहीत पण होता. पण पहाटे चार वाजता माय स्ट्रेचरवर आणि डॉक्टरच नाही, तिथं कोणाला नियम सांगू? डोकं बाजूला ठेवून सरळ पुढच्या हॉस्पिटलला गेलो, ते पॅनलवर नव्हतं. आधी ५० हजार भरा म्हणाले. भाच्याने मोबाईलवरून २० टाकले, शालकाने १५, बाकी माझे. सहा वाजता अँजिओग्राफी, एक नस जवळजवळ पूर्ण बंद, लगेच स्टेंट. माय वाचली. हे आधी लिहायला पाहिजे होतं खरं तर.

सकाळी नऊच्या सुमारास मी बाहेर बाकड्यावर बसलोय, शर्टाची बटणं खालीवर लागलेली, आणि आमच्याच रेजिमेंटचा एक दोस्त आला. त्याने मायबद्दल विचारलं आणि दुसरं वाक्य काय तर, "कळवलं का? ४८ तास." मी म्हटलं आज रविवार, पॉलिक्लिनिक बंद. तो म्हणे घड्याळ बंद नसतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पॅनलवर नसलेल्या हॉस्पिटलात इमर्जन्सीत भरती केलं तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावं लागतं, नाहीतर पुढं क्लेमला लटकतं. त्याने माझ्याच मोबाईलवरून पॉलिक्लिनिकच्या मेलवर चार ओळी टाकल्या, मायचं नाव, कार्ड नंबर, हॉस्पिटल, भरतीची वेळ, काय झालं, आणि सोबत ईसीजीच्या पट्टीचा फोटो. तेवढं त्याने केलं म्हणून पुढचं सगळं आहे, मला सुचलं नसतं. चोवीस वर्षं तोफेमागे मिनिटा-मिनिटाचा हिशोब ठेवला आणि घरच्या वेळी डोकं पार बधिर.

सोमवारी मेलची प्रिंट घेऊन पॉलिक्लिनिकला गेलो. आमच्या गावाहून दोन एसट्या बदलून जावं लागतं. सकाळी साडेआठला पोचलो तर बाहेरचं बाकडं आधीच भरलेलं. ह्या बाकड्याबद्दल थोडं सांगतो, कारण ईसीएचएस चांगलं की वाईट हे तुम्हाला तिथं बसल्यावरच कळेल, आणि दहा जणांना विचाराल तर दहा वेगळी उत्तरं मिळतील.

कोपऱ्यात एक नायब सुभेदार साहेब असतात, वय ८३, पासष्टची आणि एकाहत्तरची दोन्ही लढाया बघितलेले, एसटी त्यांना फुकट म्हणून दर महिन्याला स्वतःच येतात, पोराला येऊ देत नाहीत. त्यांच्यापुढं ईसीएचएसची तक्रार करून बघा. "पहिले काय व्हतं? काहीच नही व्हतं." २००३ च्या एप्रिलमध्ये ही स्कीम सुरू झाली, त्याच्या आधी पेन्शनवाल्याला मिलिट्री हॉस्पिटल सोडून दुसरं दार नव्हतं, आणि आमच्याकडच्यांना ते म्हणजे देवळाली. साहेब सांगतात, बायकोला घेऊन भुसावळ-देवळाली पॅसेंजरने जायचे, सोबत दोन दिवसांच्या भाकरी आणि ठेचा, तिथं बेड रिकामा असला तर ठीक, नाहीतर तीच पॅसेंजर परत. त्यांना ह्या डॉक्टर मॅडम, पंख्याखाली बाकडं, गोळ्या हातात, हे सगळं सोनं वाटतं.

त्यांच्या शेजारी एक नायक होता, माझ्यानंतर पेन्शन आलेला, सध्या एटीएमवर सिक्युरिटीची ड्युटी करतो. त्याला एनएचा शिक्का मिळालेला, म्हणजे औषध नॉट अव्हेलेबल, लोकल केमिस्टकडे जा, तिथं नसेल तर बाहेरून घे आणि बिल लाव. तो भडकलेला. "साहेब, तुम्हाला एक रुपया भरावा लागला नाही, ९६ च्या आधी पेन्शन आलेल्यांना माफ होतं, आम्ही ३० हजार मोजलेत, मी भीक मागायला नाही आलो." साहेब काही बोलले नाहीत, पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याला दिली.

तिसऱ्या एक काकू, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या, मालक वारल्यावर फॅमिली पेन्शनवर आहेत, शुगर-बीपीच्या गोळ्यांसाठी येतात. त्या म्हणाल्या, "दवाई चांगली शे भाऊ, पण एक गोळीसाठी तीन गाड्या बदलन्या पडतस." हाफ तिकीट झालं तरी दिवस तर पूर्ण जातो, मजुरी पण.

मला त्या दिवशी बसल्या-बसल्या हे जाणवलं की जो ज्या साली पेन्शन आला त्याचं मत त्या सालाचं आहे. साहेब २००३ च्या मागून बघतात, नायक त्याच्या कापलेल्या पैशातून बघतो, काकू एसटीच्या खिडकीतून. साहेबांसमोर मला माझं रडगाणं सांगायची लाज वाटली हे खरं, पण लाज वाटली म्हणून माझे पैसे सोडून द्यायचे का, हे पण खरं.

आत काउंटरवर एक रिटायर्ड हवालदार क्लार्क, तो पण कॉन्ट्रॅक्टवर, दरवर्षी रिन्यू होतं की नाही ह्या टेन्शनमध्ये. त्याने प्रिंट बघितली, रजिस्टरला नोंद केली, आणि एका कागदाच्या पाठीवर यादी लिहून दिली: इमर्जन्सी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, आयटमवार बिल, सगळे रिपोर्ट, कार्डची झेरॉक्स, कॅन्सल चेक, रेव्हेन्यू स्टॅम्प, आणि शेवटी दोनदा अंडरलाइन करून, "स्टेंटचं स्टिकर आणि बाहेरचं पाकीट." म्हणाला, बाकी सगळं नंतर मिळतं, पाकीट कचऱ्यात जातं.

मी तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला, मग पळत गेलो. स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं होतं, पाकीट नव्हतं. कॅथलॅबच्या, म्हणजे जिथं स्टेंट टाकला तिथल्या ब्रदरच्या (पुरुष नर्सच्या) पाया पडायचा बाकी राहिलो. त्याने एका खोक्यातून तीन-चार रिकामी पाकिटं काढली, स्टिकरवरचा नंबर एकेकाशी जुळवत बसलो, तिसऱ्याला जुळला. चांदीसारखं चकचकीत लांबट पाकीट, एका कडेने फाडलेलं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेएवढा जपून मी तो कागद घरी आणला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला, बायको म्हणे ह्यात काय आहे एवढं, मी म्हटलं ह्यात स्टेंटचे पैसे आहेत.

डिस्चार्जच्या दिवशी एकूण बिल झालं १ लाख ८४ हजार. शालकाचे, भाच्याचे, केळीच्या व्यापाऱ्याकडून उचल, असं करून भरलं. मायने विचारलं, "कितला पैसा लागनात?" मी अर्धेच सांगितले. "तुन्ही मिलिट्री देई का?" म्हटलं देईल.

फाइल जमा केली जूनमध्ये, कागद स्कॅन होऊन ऑनलाइन चढले. मग शांतता. ऑगस्टमध्ये मेसेज, एनएमआय. म्हणजे नीड मोअर इन्फो, बिल तपासणारी जी एजन्सी आहे तिला अजून काहीतरी पाहिजे. काय पाहिजे तर इमर्जन्सी सर्टिफिकेटवर डॉक्टरची सही होती, पण रजिस्ट्रेशन नंबरचा शिक्का नव्हता. परत दोन एसट्या, परत हॉस्पिटल, डॉक्टर ऑपरेशनमध्ये, तीन तास बसलो, शिक्का घेतला. ऑक्टोबरमध्ये दुसरा एनएमआय, औषधांच्या एका बिलाचं स्कॅन पुसट आहे. थर्मल कागदावरचं बिल, कपाटाच्या गरमीत अक्षरंच उडालेली, नशीब मी आधीच झेरॉक्स काढून ठेवलेली. म्हणून सांगतो, असलं गुळगुळीत कागदाचं बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

मधल्या काळात मायच्या गोळ्या मात्र दर महिन्याला पॉलिक्लिनिकमधून नीट मिळाल्या, रक्त पातळ ठेवायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो आणि माय रुसून बसते, म्हणते ही माझी गोळी नाही, तू कोणाची तरी उचलून आणली. डॉक्टर मॅडमने एकदा स्वतः पाकीट हातात घेऊन नाव वाचून दाखवलं तेव्हा कुठं घेतली. बाहेर इतके पेशंट बसलेले असताना त्या मॅडमने पाच मिनिटं दिली, त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, पैसे मोजून जिथं गेलो तिथं डॉक्टर मायशी इतकं कधी बोलला नाही.

पैसे आले जानेवारीत. मी रानात केळीला पाणी भरत होतो, मोबाईल वाजला, १ लाख १९ हजार आणि वर काही रुपये. १ लाख ८४ हजारातून. फोन करून विचारलं तर क्लार्क भाऊ म्हणाला, प्रायव्हेटने काहीही लावलं तरी तुला सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या रेटनेच मिळणार, रूम हवालदाराची म्हणजे जनरल वॉर्डची, तुझी माय आयसीयूनंतर सेमी-प्रायव्हेटला होती, तो फरक पण तुझाच. त्या दिवशी जनरल वॉर्ड फुल होता हो, पण ते बिलात कुठं लिहितात. नायकाला सांगितलं तर तो म्हणे अपील कर. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले १ लाख १९ हजार आले ना. अपीलचा अर्ज मी लिहून ठेवलाय, अजून दिलेला नाही, जनरल वॉर्ड फुल होता असं हॉस्पिटल लेखी देतं का ते बघायचंय.

घरी येऊन मायला सांगितलं पैसे आले. आता तिला खरा आकडा सांगावा लागला. बोटांवर हिशोब केला तिने, शाळा नाही शिकली पण हिशोब पक्का.

"बाकीना कोठे गयात?"

"सीजीएचएसचा रेट लागला माय."

"तो कोन शे?"