एक्सायटॉन मोजताना गेलेला पावसाळा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी एक्सायटॉन घेतला तो नाव आवडलं म्हणून. पुढचा अख्खा पावसाळा पुण्यात पाषाणच्या बाजूला एका अंधाऱ्या लेझर-खोलीत जाणार, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

पी३एचटी नावाच्या पॉलिमरवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन निघाल्यावर मागे उरलेली धन भाराची रिकामी जागा) सुटे होत नाहीत, एकमेकांना धरूनच राहतात. सिलिकॉनमध्ये अशी जोडी खोलीतल्या उष्णतेनंच फुटते. इथे त्या उष्णतेच्या दहापट ऊर्जाही पुरत नाही. हीच जोडी म्हणजे एक्सायटॉन. एकूण भार शून्य, म्हणजे व्होल्टेज लावून ओढायचीही सोय नाही. तो आपला या रेणूवरून त्या रेणूवर उड्या मारत भटकतो. दहा पावलं लांब जायला साधारण शंभर उड्या, आणि आयुष्य नॅनोसेकंदाहूनही कमी. तेवढ्यात तो जातो किती लांब, हे मला मोजायचं होतं.

एक्सायटॉन संपताना प्रकाश देऊ शकतो, म्हणून लेझर मारला की फिल्म, म्हणजे पॉलिमरचा पातळ थर, क्षणभर चमकते. अंतर मोजायला त्या फिल्ममध्ये थोडं पीसीबीएम, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढून घेणारा पदार्थ, मिसळायचं. एक्सायटॉन तिथे पोचला की इलेक्ट्रॉन पीसीबीएमकडे जातो आणि चमक विझते. किती लवकर विझते, त्यावरून अंतर काढायचं. पॉलिमरचं क्लोरोबेंझीनमधलं नारिंगी द्रावण काचेवर टाकून स्पिन कोटर, म्हणजे काच गरगर फिरवणारं यंत्र, फिरवला की बघता बघता जांभळट होतं. मी ते गरजेपेक्षा जास्त वेळा केलं असेन.

गाडी अडली ती भलतीकडेच. पीसीबीएम न घातलेल्या कोऱ्या फिल्मची चमकसुद्धा झटक्यात विझायची. मी दोष दिला पावसाळी हवेला. ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे बाहेरची हवा आत न येणाऱ्या पेटीत, सगळ्या फिल्म नव्यानं केल्या. तीन आठवडे गेले, आलेख तसाच.

शेवटी पीएचडी करणाऱ्या ताईनं विचारलं, "लेझर किती ठेवलायस?"

"फुल. सिग्नल चांगला येतो ना."

"अगं, मग तुझे एक्सायटॉन एकमेकांनाच खातायत!"

खरंच होतं. गर्दी इतकी की दोघं भेटायचे आणि त्यातला एक संपायचा. मग लेझर मंद करायला फिल्टरवर फिल्टर चढवले, आलेखाचा आकार बदलायचा थांबेपर्यंत. आता सिग्नल इतका मंद, की एकेका मोजणीला तासन्‌तास. बाहेर पाऊस, आत मी आणि थर्मासमधला चहा.

उत्तर आलं दहा नॅनोमीटरच्या आसपास. प्रकाश नीट शोषायला फिल्म मात्र शंभरेक नॅनोमीटर जाड लागते, म्हणजे दुसरा पदार्थ जवळ नसेल तर बरेचसे एक्सायटॉन तिथे पोचायच्या आधीच संपणार. सेंद्रिय सौरघटात दोन पदार्थ एकमेकांत का कालवतात, ते तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांचा पहिलाच प्रश्न होता, "लेझरची तीव्रता किती होती?" मी ताईकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत हसत होती.